बाईंच्या बरणीतली गाठ

या, असे पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकलेत त्यांनीही या, कारण जिची गोष्ट सांगायची ती नखाएवढीसुद्धा नाही, लांबून दिसायची नाही. तिला हाड नाही, रक्त नाही, काळीज नाही, आणि डोकं तर औषधालाही नाही. तरी तिनं एका पापभीरू माणसाला दारोदार हिंडवलं, त्याच्या अब्रूची चाळण केली आणि त्याच्या डोळ्यांत अडून राहिलेल्या पाण्याला वाट करून दिली. भगवंताला काही घडवायचं असलं की तो लहान माणूस हाताशी धरतो, आणि माणूस पुरेसा लहान मिळाला नाही तर हायड्रा धरतो.

त्या माणसाला सगळे आवककाका म्हणत. उभी नोकरी एका कचेरीच्या आवक-जावक टेबलावर गेली. आलेल्या कागदावर आवकचा शिक्का, निघालेल्यावर जावकचा, आणि दोन्हींच्या खिडक्या वेगळ्या. निवृत्त झाल्यावरही दारात पाहुणा आला की काका त्याच्याकडे असे बघत, की आता हा माणूस आपल्या कपाळावर शिक्का उठवतो की काय असं पाहुण्याला वाटे.

त्यांची बायको शाळेत जीवशास्त्र शिकवी. सगळी मुलं तिला बाई म्हणत, मुलांचं ऐकून शेजारी म्हणू लागले, आणि शेवटी काकाही. आपल्याच बायकोला ‘बाई, चहा घेता का?’ असं विचारणारा नवरा लोकांना गमतीचा वाटे. बाईंना वाटत नसे. त्या म्हणत, ‘घेते, पण आवक झाली की कप धुऊन जावक तुमच्याकडे.’

तर त्या बाई गेल्या. काखेजवळ एक गाठ लागत होती. ‘परीक्षा होऊन जाऊ देत, मग दाखवू,’ असं बाई म्हणाल्या आणि काकांनी मान डोलावली. परीक्षा झाल्या, पेपर तपासून झाले, मुलं पास झाली. डॉक्टरांनी मात्र चष्मा काढून पुसला आणि ‘उशीर झाला’ एवढंच म्हणाले.

शेवटी शेवटी बाईंना बोलायला त्रास होई. लोक अशा वेळी मुलाबाळांची नाहीतर दागिन्यांची निरवानिरव करतात. यांना मूल नव्हतं आणि दागिन्यांचा सोस नव्हता. त्यांनी काकांना जवळ बोलावलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या काचेच्या बरणीबद्दल सांगितलं. ‘माझ्या हायड्राला सांभाळा. नळाचं पाणी थेट घालू नका, शिळं करून घाला. नीट सांभाळलीत तर ती म्हातारी होऊन मरत नाही.’ हायड्रा म्हणजे गोड्या पाण्यातला दोऱ्याच्या तुकड्याएवढा जीव. पुस्तकात तो ‘तो’ असतो, पण बाईंच्या तोंडी कायम ‘ती’. काका हो म्हणाले आणि डोळे भरून आले म्हणून खिडकीकडे वळले. रडू दिसू नये एवढाच हेतू. पुन्हा वळून बघितलं तोवर बाई गेल्या होत्या.

माणसाला पाठ असते, हाच त्याच्या शरीररचनेतला मोठा दोष. हे माझं नाही, बाईंचंच. त्या संध्याकाळी काकांपुढे उद्याच्या तासाची तालीम करत आणि काका भाजी निवडत ऐकत. बाई सांगत, जनावरं कशी मांडलीत ते बघा. स्पंजाला ना पुढा ना मागा, ना डावं ना उजवं. नुसती भोकं, आणि त्यातून पाणी खेळतं. त्याच्यापुढची पायरी हायड्राची. ती गोल, छत्रीच्या काड्यांसारखी, मध्ये तोंड आणि भोवती शुंडकं, म्हणजे तिचे दोऱ्यासारखे हात. तिला पाठच नाही. आपण तिसरे. आपल्याला डावं-उजवं आलं, पुढा आला, म्हणून पाठ आली. आणि पाठ आली म्हणजे फिरवणं आलंच. असं म्हणून बाई काकांकडे पाठ करून कणीक मळायला लागत आणि स्वतःच हसत.

ते हसणं गेल्यावर घर अगदी वस्त्रगाळ झालं. हाही शब्द बाईंचा. काही जातीचे स्पंज फडक्यातून दाबून गाळले, त्यांची पेशी न् पेशी सुटी केली, तरी त्या पाण्यात सरपटत एकमेकींना शोधतात आणि पुन्हा स्पंज उभा करतात, असं त्या सांगत. समाचाराला आलेल्या एकानं काकांना, ‘हळूहळू सावराल,’ असं म्हटलं तेव्हा काका म्हणाले, ‘मीही गाळून निघालोय हो. पण शोधायला दुसरी पेशी कुठाय?’ त्या गृहस्थाला काही कळलं नाही. तो चहा न घेताच उठला.

घरात आता बाईंच्या थोरल्या बहिणीचा मुक्काम होता. तिला अक्का म्हणत. अक्कानं पहिल्याच दिवशी बरणीतलं शेवाळ बघून ती घासायला घेतली आणि काकांनी ती तिच्या हातून अशी ओढून घेतली, की पुढं दोन दिवस घरात भांड्यांखेरीज कोणी बोललं नाही. मग काकांनी अक्काला समोर बसवून समजावलं. हा प्राणी आहे, काडीला चिकटून लोंबतोय तो दोऱ्याचा तुकडा नाही. त्याच्या शुंडकांत विषारी डंख भरलेले असतात. भक्ष्य लागलं की सुटतात, ते लुळं पडतं, मग ही त्याला सावकाश तोंडात ओढते.

‘आणि उरलंसुरलं?’ अक्कानं विचारलं.

काका जरा घुटमळले. ही बाब त्यांना स्वतःलाच जड जात होती. हायड्राला तोंड एकच. खाणं त्यातूनच आणि नको ते टाकणंही त्यातूनच. ज्या माणसानं हयातभर दोन खिडक्या वेगळ्या ठेवल्या, त्याच्या गळ्यात हे असं एकखिडकी खातं बांधलं गेलं होतं.

‘म्हणजे आमच्या जाऊबाईंसारखंच,’ अक्का म्हणाली आणि समेट झाला.

खरी अडचण खाण्याची. हायड्राला लागतात पाणपिसवा, त्याही जिवंत. त्या बागेतल्या तळ्यात असतात. काका चहाची गाळणी आणि बादली घेऊन तळ्यावर गेले. काठावर ओणवे होऊन गाळणी फिरवायला लागले तसा बागेचा रखवालदार आला आणि मासे धरायला मनाई आहे म्हणाला. काकांनी मासे नको, पिसवा हव्यात असं सांगितलं. रखवालदारानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, घरी माणसं आहेत का विचारलं, आणि मग अतिशय हळुवारपणे, ‘न्या हो काका, हव्या तेवढ्या न्या,’ म्हणाला. तो हळुवारपणा काकांना फार लागला. शिव्या परवडल्या असत्या.

बरं, बादली भरून आणली ती गॅलरीत ठेवली. त्या पाण्यात पिसवांबरोबर आणखीही बिऱ्हाडं होती. पाहता पाहता इमारतीत डास झाले. सर्वांत आधी चावले इमारतीच्या चिटणिसांना. चिटणीस रोजचं बोलणंही सभेचं इतिवृत्त असल्यासारखं बोलत. ‘आमच्या असं निदर्शनास आलेलं आहे,’ असं म्हणून त्यांनी पोटरीवरच्या गांध्या दाखवल्या. जिन्यात सल्ल्यांचा पाऊस पडला. कोणी म्हणालं धूर करा, कोणी म्हणालं मासा पाळा, मासा बिचारा बोलत नसला तरी निदान दिसतो. तळमजल्यावरच्या शिंप्यानं काकांना बाजूला घेऊन, मांजर बघा, घराला घरपण येतं, असंही सुचवलं. शेवटी चिटणिसांनी डास निर्मूलन खात्याला कळवलं.

निरीक्षक आला. खांद्यावर पिशवी, पिशवीत तेलाची बाटली. साठलेलं पाणी दिसलं की ओतून टाकायचं, नाहीतर वर तेलाचा थर द्यायचा, हा त्याचा धर्म. बादली तत्क्षणी मोरीत गेली. बरणीवरही त्याची नजर गेली. काकांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली, आणि एका सरकारी माणसानं दुसऱ्याला समजून घ्यावं अशा सुरात, रीतसर परवानगी आणतो, तोवर मुदत द्या म्हणून विनवलं. ‘पुढच्या खेपेपर्यंत,’ निरीक्षक म्हणाला. ‘पण नियम म्हणजे नियम.’ हे वाक्य काकांनी आयुष्यभर खिडकीच्या आतून उच्चारलं होतं. बाहेरून ते असं ऐकू येतं, याची त्यांना कल्पना नव्हती.

परवानगीसाठी ते पाळीव प्राण्यांच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं छापील अर्ज पुढं केला. कुत्रा की मांजर, दोन्हींपैकी नसल्यास पाय किती, शेपटीचा रंग, ओळखीची खूण पुढून आणि मागून. काकांनी सांगितलं, पाय एकच आहे, शेपूट नाही, आणि पुढून-मागून हा प्रश्नच उद्भवत नाही. कारकून म्हणाला, पुढून-मागून भरल्याशिवाय अर्ज आवकला घेता येत नाही. काकांनी बाईंचा सगळा तास त्याला ऐकवला, स्पंजापासून सुरुवात करून. मागची रांग पाठीत ढोसायला लागली. कारकुनानं अर्ज परत केला, आणि काकांना सगळ्यात जास्त दुःख याचं झालं, की परत करताना त्यानं त्यावर जावकचा शिक्कासुद्धा मारला नाही.

तरी हायड्रा मजेत होती. काका आता अगदी थोड्या पिसवा आणत, त्याही झाकणाच्या डब्यात. सकाळी पाणी बदलत आणि कचेरीतल्या भिंगातून तिच्याकडे बघत बसत. पूर्वी त्या भिंगानं ते पुसट शिक्के वाचायचे. बरणी कशीही फिरवा, ती त्यांच्याकडेच तोंड करून असे. देवाचंही असंच असावं असं काकांच्या मनात येई. उगाच का कुठूनही हाक मारली तरी त्याला मान वळवावी लागत नाही. मग ते तिला आदल्या दिवसाच्या सगळ्या हकिकती सांगत.

आणि अशाच एका सकाळी भिंगात त्यांना दिसलं, की तिच्या अंगावर एका बाजूला, खालच्या अंगाला, एक गाठ आली आहे.

भिंग हातातून सुटलं. अक्का धावत आली. काकांनी नुसतं बोट दाखवलं. अक्कानं भिंग उचलून बघितलं. एरवी तिनं हसण्यावारी नेलं असतं, पण तिच्याही डोळ्यांपुढं बहिणीची काख आली असावी. ती भिंग पदराला पुसत राहिली, आणि म्हणाली ते एवढंच.

‘भावोजी, या खेपेला तरी उशीर नको.’

काकांनी सदरासुद्धा बदलला नाही. बरणी पिशवीत, पिशवी पोटाशी, असे ते जनावरांच्या दवाखान्यात पोचले. कुत्र्यामांजरांच्या रांगेत बसले. शेजारच्या बाईनं, तुमचं काय आणलंय, म्हणून पिशवीत डोकावलं आणि आपलं कुत्रं दुसऱ्या बाजूला घेतलं. नंबर लागला. डॉक्टरांनी पेशंट कुठं आहे विचारलं, काकांनी काडी दाखवली, डॉक्टरांनी आधी काडी तपासली. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले की कॉलेजात कधीतरी वाचलं होतं, आता स्मरत नाही. वाटल्यास ब्लेडनं गाठ उडवा, नाहीतर बरणी ओतून टाका आणि छानसा पोपट घ्या. काकांनी नमस्कार केला. राग यायलाही जीव शिल्लक लागतो.

आता एकच जागा उरली होती, आणि तिथं जायचं ते इतके दिवस टाळत होते. बाईंची शाळा.

प्रयोगशाळेत तोच वास होता. टेबल तेच होतं, त्यामागं मात्र नव्या बाई उभ्या होत्या. तरुण, नोकरीत नवीन, फळा पुसतानाही कोणाची परवानगी घ्यावी की काय अशा चेहऱ्याच्या. काकांनी नाव-गाव सांगायच्या आधी बरणी टेबलावर ठेवली आणि, ‘हिला गाठ झालीय, बघता का? उशीर झाला असेल तर तसं सांगा, पण चष्मा पुसू नका,’ असं एका दमात म्हणून टाकलं.

नव्या बाईंनी नळीनं हायड्राला अलगद उचललं, काचेवर थेंबात ठेवलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. लावला तो काढेचनात. मग बाजूला सरकून त्यांनी काकांना पुढं केलं. काकांनी बघितलं. ती गाठ वाढली होती. तिच्या टोकाला बारीक बारीक उंचवटे फुटले होते, तान्ह्या मुलाच्या मुठीसारखे.

‘काका, ही गाठ नाही,’ नव्या बाई म्हणाल्या. ‘ही कळी आहे. हिला बाळ होतंय. ते फुटताहेत ना, ती त्याची शुंडकं.’

पुस्तकात याला कलिकायन म्हणतात, हे त्यांनी मग सांगितलं. आईच्या अंगावर कळी येते, तिला तोंड फुटतं, हात फुटतात, आणि दिवस भरले की ती सुटून आपली आपण राहू लागते. काका ऐकत होते की नाही कोण जाणे. ते मुलांच्या बुटक्या बाकावर बसले होते, गुडघे हनुवटीशी आलेले.

‘आणि एक सांगू? उपाशी, हेळसांड झालेल्या हायड्राला अशी कळी येत नाही,’ नव्या बाई म्हणाल्या. ‘खाऊनपिऊन असली की येते. तुम्ही हिला फार चांगलं सांभाळलंत.’

तिथं काकांचा बांध फुटला. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही, समाचाराच्या गर्दीत नाही. बुटक्या बाकावर, एका परक्या मुलीसमोर. नव्या बाई बिचाऱ्या घाबरल्या, पाणी आणू का, कोणाला बोलावू का, करू लागल्या. बऱ्याच वेळानं काका म्हणाले, ‘गाठ म्हटली की मला एकच माहीत होती हो.’

काका कोण ते कळल्यावर, निघताना नव्या बाईंनी चाचरत विचारलं. आधीच्या बाईंनी शाळेत राखलेल्या हायड्रा, बाई आजारी पडल्यावर सुट्टीत मेल्या, पाणी बदलायला कोणी नव्हतं. बाळ सुटं झालं की शाळेला द्याल का? काका म्हणाले, ‘द्यायचं म्हणजे काय, दिलंच.’ भरल्या डोळ्यांनी दिलेली वचनं फार स्वस्तात जातात.

घरी आले तर दारात निरीक्षक उभा, मागं चिटणीस, आणि अक्का दोघांना दारातच अडवून. निरीक्षकानं परवानगी मागितली. काकांकडं नव्हती. त्यानं कर्तव्य म्हणून तेलाची बाटली उघडली आणि बरणीसाठी हात पुढं केला. काकांना म्हणायचं होतं, यात बाईंची हायड्रा आहे. पण दिवसभराच्या धावपळीनं जीभ अडखळली आणि मधला शब्द गळाला.

‘यात बाई आहेत,’ काका म्हणाले.

चिटणिसांना काही निदर्शनास आणून देता येईना. निरीक्षकानं बरणीकडं बघितलं, काकांच्या अंगावरच्या रात्रीच्या सदऱ्याकडं बघितलं, आणि बाटलीचं बूच हळूच परत लावलं. ‘तोंडाला फडकं बांधा,’ तो म्हणाला. ‘डास आत जाता कामा नये, मग माझी हरकत नाही.’

फडकं म्हणून बाईंचा खडूचे हात पुसायचा रुमाल मिळाला. घरातली दोरी, गाठोडं, पुडकं, सगळं बांधायचं काम बाईंचं असे, त्यामुळं काकांची गाठ दोनदा सुटली. अक्कानं हात पुढं केला, पण काकांनी तो बाजूला केला आणि तिसऱ्यांदा घट्ट गाठ मारली. मऊ रुमाल होता. त्यातून हवा जात होती आणि अजून थोडा खडू गळत होता.

कळी सुटली. बरणीत दोघी झाल्या, एक मोठी आणि एक इवलीशी. शाळेतून निरोप आला. काकांनी कळवलं, अजून लेकरू आहे. पुन्हा निरोप आला. काकांनी कळवलं, हवा बरी नाही. अक्का म्हणाली, ‘भावोजी, मुलीला सासरी धाडताना बाप करतात तसं चाललंय तुमचं.’ या सबबींमध्ये दिवस गेले आणि धाकटी खाऊनपिऊन थोरलीएवढी झाली. एका सकाळी काकांनी भिंग धरलं. कुठली कोण ते ओळखू येईना. दोघीही काकांकडंच तोंड करून होत्या.

ते बरणी घेऊन शाळेत गेले आणि नव्या बाईंना त्यांनी एकच गोष्ट विचारली. यातली आमच्या बाईंची कोणती? नव्या बाईंनी कितीतरी वेळ बघितलं. मग म्हणाल्या, ‘काका, मलाच काय, कोणालाच सांगता येणार नाही. कळी म्हणजे आईचंच अंग. दोघीही बाईंच्याच.’

काका थबकले. ज्यानं आयुष्यभर आलं कोण आणि गेलं कोण याची कधी गल्लत होऊ दिली नाही, त्याला आज काय ठेवतोय आणि काय देतोय हे न कळता द्यायचं होतं. बाईंना तर त्यांनी धरून ठेवलं नव्हतं, नुसती पाठ फिरवली होती. आता पाठ फिरवायची नाही, एवढं त्यांनी ठरवलं. नळी पाण्यात सोडली. डोळे मिटायचा मोह झाला, तोही आवरला. जी जवळ आली ती उचलली आणि शाळेच्या बरणीत सोडली, आणि ती काचेला चिकटून हात पसरेपर्यंत तिच्याकडं बघत राहिले.

मुलं बरणीभोवती जमली. एक चिमुरडी मागं राहिली होती, तिला वाव मिळेना. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, ‘मला तिची मागची बाजूच दिसणार.’

काकांनी तिला पुढं ओढलं नाही. ते तिच्याजवळ जाऊन खाली बसले, तिच्याएवढे झाले, आणि तिच्या खांद्यावरून बोट करून म्हणाले, ‘बघ बाळ, तिला पाठच नाही. तू कुठंही उभी राहा, ती तुझ्याकडंच बघतेय. आमच्या बाई सांगायच्या.’

तर श्रोतेहो, एवढीच गोष्ट. काकांच्या खिडकीत एक बरणी आहे आणि शाळेच्या टेबलावर एक. बाई कुठल्या बरणीत, ते विचारू नका, देवालाही पेच पडेल. तुम्ही घरी जाल, कामाला लागाल, ऐकलेलं निम्मं जिन्यातच सांडेल. सांडू दे. पण उठताना पदराला, रुमालाला, काही नसेल तर नुसती मनाशी एक खूणगाठ बांधा, आणि ती हाताला लागली की त्या बाईंची आठवण काढा. प्रत्येक गाठ वाईट नसते, हे ज्यांना उशिरा कळलं, त्या काकांचीही काढा.